सायकलचे दुकान : गल्ल्यावरच्या पोराला काय ठाऊक हवे?

सायकल विक्रीचा आणि दुरुस्तीचा धंदा आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत दोन-तीन पिढ्यांपासून चालत आला आहे. दारात उलटी उभी केलेली सायकल, पाण्याने भरलेले घमेले, भिंतीवर टांगलेले टायर आणि आत स्टुलावर बसून चाकाचा आउट काढणारे उस्ताद, हे दृश्य महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पाहावयास मिळते. एके काळी याच दुकानांतून तासाच्या भाड्याने सायकली मिळत. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. पुढे लुना आली, स्कूटर आली, भाड्याच्या सायकली गेल्या आणि पुष्कळ दुकानदारांनी मोटारसायकलच्या पंक्चरवर दिवस काढले.

२०२० च्या टाळेबंदीत आणि त्यानंतर सायकलला पुन्हा गिऱ्हाईक आले. मात्र हे गिऱ्हाईक पूर्वीचे नाही. ते पंधरा-वीस हजारांची गिअरची सायकल घेते, दुकानात येण्याआधी मोबाईलवर चार व्हिडिओ पाहून येते आणि दुकानदाराने सांगितलेला भाव तिथल्या तिथे पडताळून पाहते. ऑनलाइन विकणारे आणि शहरातील मोठमोठी क्रीडासाहित्याची दालने यांच्याशी भावात बरोबरी करणे छोट्या दुकानदाराला जमणारे नाही. त्याच्याजवळ एकच गोष्ट अशी आहे जी खोक्यात भरून पाठवता येत नाही : सायकलची जाण. अडचण अशी की ही जाण उस्तादांच्या हातात आहे आणि गिऱ्हाइकाशी बोलतो तो गल्ल्यावरचा पोरगा.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. घरात एक जुनी लेडीज सायकल होती. तिचा मागचा टायर फाटला म्हणून आम्ही बाजारातील एका चांगल्या चालणाऱ्या दुकानात गेलो. मालक नमाजाला गेले होते. गल्ल्यावर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा होता. ‘‘किती नंबर, चाचा?’’ आम्ही म्हणालो, ‘‘सव्वीस.’’ त्याने सव्वीसचा टायर काढून दिला, पैसे घेतले, काम संपले. घरी आल्यावर गल्लीतल्या कारागिराने तासभर घाम गाळला. दोन ट्यूब चिमटल्या, टायर काही रिमवर चढेना. शेवटी त्याने दोन्ही टायरांच्या कडेवरचे आकडे वाचून दाखवले. आमचा जुना टायर होता २६ × १ ३/८. मुलाने दिला होता २६ × १.७५. परत गेलो तर मुलाने मागच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आम्ही भांडलो नाही. पण त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकले नाही, आणि मालकाला ते आजतागायत ठाऊक नसेल. त्या मुलाचा आम्हांला राग नाही. सव्वीस आणि सव्वीस यांत फरक असतो हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

टायरवरचे आकडे

म्हणून पहिला धडा टायरच्या कडेचा. इंचाचा आकडा हा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा ढोबळ अंदाज आहे. रिम जुळेल की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी टायरच्या कडेवर मिलिमीटरमध्ये दुसरा एक जोडआकडा छापलेला असतो. उदाहरणार्थ ३७-५९०. यात पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा रिमवर जिथे टायर बसतो तेथील व्यासाचा. २६ × १ ३/८ म्हणजे ५९०. गिअरच्या जाड टायरांच्या सायकलींत चालणारा २६ × १.७५ म्हणजे ५५९. दोघांत तीन सेंटिमीटरहून अधिक फरक आहे. कितीही ताकद लावली तरी ५५९ चा टायर ५९० च्या रिमवर चढणार नाही. आणि उलट केले तर टायर ढिला राहून हवा भरताना निसटेल.

आणखी काही आकडे पोराकडून पाठ करून घेण्यासारखे आहेत. काळ्या दणकट सायकलीचा २८ × १ १/२ हा ६३५. नव्या सायकलींचा २७.५ हा ५८४. आणि गंमत म्हणजे २९ इंची म्हणतात तो आणि ७०० सी म्हणतात तो, दोघांच्या रिमचा व्यास एकच, ६२२. हे ज्याला ठाऊक आहे त्याला दोन्ही गिऱ्हाइके सांभाळता येतात, फक्त रुंदी जुळते की नाही ते पाहावे लागते. एवढी माहिती पुठ्ठ्यावर लिहून टायरांच्या खुंटीजवळ टांगली तरी काम होते. आणि गिऱ्हाइकाला ‘किती नंबर?’ असे विचारण्याऐवजी ‘जुना टायर आणलाय का? नाहीतर कडेवरच्या आकड्यांचा फोटो मागवा’ असे म्हणायला शिकवावे. आज प्रत्येकाच्या घरी फोटो काढणारा मोबाईल आहे.

पंक्चर काय सांगते

पंक्चर हे सगळ्यांत छोटे काम, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो किंवा उडतो तो इथेच. पोरगा बहुधा काय करतो? टायर खोलतो, ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडा दिसला की ठिगळ मारतो, हवा भरून देतो. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक पुन्हा दारात, तेही तक्रार घेऊन. टायरच्या आत बाभळीचा काटा तसाच राहिलेला असतो. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून सर्व बाजूंनी बोट फिरवणे, तेही सांभाळून, ही सवय लागली की अशा निम्म्या तक्रारी बंद होतील असे आमचे मत आहे.

त्याच्यापुढची गोष्ट म्हणजे भोक कुठे आहे ते पाहणे. बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक असेल तर काटा किंवा खिळा. शेजारी-शेजारी दोन फटी असतील तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटलेली आहे; म्हणजे हवा कमी ठेवून सायकल चालवली गेली. ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा एखाद्या आऱ्याचे टोक वर आले आहे. तिथे दहा ठिगळे मारली तरी फुकट. पोराने ही ट्यूब गिऱ्हाइकाला दाखवून दोन वाक्ये बोलावीत : ‘‘ताई, हवा कमी होती म्हणून असं झालं. आठवड्याला एकदा हवा पाहून जा.’’ त्या ताई दर आठवड्याला दुकानात येतील.

आणि कधीकधी पंक्चर नसतेच. जुन्या धाटणीच्या सायकलींत हवा अडवते ती व्हॉल्व्हवर चढवलेली बारीक रबरी नळी. उन्हाने ती कुजते, फाटते, आणि हवा हळूहळू जाते. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा किंवा थुंकीचा थेंब ठेवला की बुडबुडा येतो. नळीची किंमत किरकोळ. जो कारागीर आधी हे तपासतो आणि ‘पंक्चर नाही, नळी गेली होती’ असे सांगून थोडेच पैसे घेतो, त्याचे नाव त्या घरात वर्षानुवर्षे निघते. उलट, नळी बदलून पंक्चरचे पैसे घेणारेही आहेत. त्यांच्याविषयी काय लिहावे? गिऱ्हाईक आज ना उद्या कुठल्या तरी व्हिडिओत ते पाहतेच.

खोक्यातून आलेली सायकल

अलीकडे दुकानदारांना सगळ्यांत जास्त चीड येते ती ऑनलाइन घेतलेली सायकल दुकानात आली की. खोक्यातून अर्धवट जुळवलेली सायकल घेऊन बाप-लेक दारात उभे राहतात. ‘‘जिथून घेतली तिथेच घेऊन जा,’’ हे उत्तर आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे. दुकानदाराचे दुःख आम्हांला कळते. विक्रीचा नफा दुसऱ्याने खाल्ला आणि हात काळे करायला आपण. परंतु जरा हिशेब करावा. विक्रीचा नफा एकदाच मिळतो. ती सायकल पाच-सात वर्षे चालली तर तिला टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल, चेन, ओव्हरऑइलिंग, सगळे लागणार; आणि हे सर्व काम खोक्यातून येत नाही.

शिवाय घरी जुळवलेल्या सायकलीत जिवाला धोका असतो, हे पोराला माहीत हवे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो एल आणि आर न पाहता पायडल जबरदस्तीने पिळतो आणि क्रँकचे आटे खाऊन टाकतो. पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, उलटा फिरवून हँडल बसवलेल्या सायकली तर सर्रास दिसतात; अशी सायकल चालवणाऱ्याच्या हाताला भलतीच वळते. हँडलचा बोल्ट अर्धवट आवळलेला असेल तर चाक सरळ राहते आणि हँडल फिरते. अशी सायकल दारात आली तर तिला हाकलून देणे म्हणजे त्या लेकराला तशीच रस्त्यावर पाठवणे होय. जुळवणीची मजुरी ठरवावी, आधी सांगावी, पूर्ण घ्यावी आणि काम करून द्यावे. पायडल आवळण्याची सोपी खूण अशी : पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पायडले आवळली जातात.

मुलांच्या सायकलीविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. आई-वडील नेहमी म्हणतात, ‘‘थोडी मोठीच द्या, दोन वर्षं चालेल.’’ विकणारा पोरगा खूश होतो, कारण मोठी सायकल म्हणजे मोठी रक्कम. पण नव्याने शिकणाऱ्या मुलाचे दोन्ही पाय सीटवर बसून जमिनीला टेकले पाहिजेत आणि त्याची बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत पोहोचली पाहिजेत. नाही तर ब्रेक असून नसल्यासारखा. बऱ्याच ब्रेकच्या दांडीला एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून दांडी हँडलच्या जवळ आणता येते. हे काम मिनिटाभराचे, पण कितीतरी दुकानांत ते कधीच केले जात नाही. आणि सायकल खरोखरच मोठी असेल तर ‘ही तुमच्या मुलाला नको’ असे सांगण्याची मुभा मालकाने पोराला दिली पाहिजे. विक्री बुडवली म्हणून मालक संध्याकाळी ओरडणार असेल तर पोरगा खरे कसा बोलेल?

मोठ्यांसाठीही असेच. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला, तर सीटची उंची बरोबर आहे. ‘चाचा, सीट दोन बोटे वर घेतो, गुडघा दुखणार नाही,’ असे म्हणणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक डोळे झाकून येते.

नवा माल, नवी जबाबदारी

गिअरच्या आणि डिस्क ब्रेकच्या सायकलींबाबत आपल्या जुन्या कारागिरांचे ज्ञान थोडे कमी पडते, हे मान्य करायला हरकत नसावी. ज्या हातांनी चेनला तेल दिले त्याच हातांनी डिस्कची चकती धरली की ब्रेक गेला. पॅड तेल पितात आणि मग घासून काही उपयोग होत नाही, बदलावेच लागतात. तेलाच्या ब्रेकचे चाक काढलेले असताना पोराने सहज दांडी दाबली की पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक पुन्हा बसत नाही. त्याहून महाग चूक म्हणजे ब्रेकमध्ये भलतेच तेल भरणे. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल तेल असते. काही दुसऱ्या कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मोटारीसारखे डॉट फ्लुइड असते. एकाच्या जागी दुसरे भरले तर आतील रबरी सील खराब होतात. ब्रेकच्या दांडीवर किंवा टाकीच्या झाकणावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय बाटली उघडू नये.

चेनचे माप घेणे मात्र जुन्या-नव्या सर्व सायकलींना सारखेच लागू आहे आणि फुटपट्टीने जमते. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून फुटपट्टी धरावी. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर चोविसावी पिन येते. ती पिन एक षोडशांश (१/१६) इंच पुढे गेली असेल तर चेन बदलण्याची वेळ झाली. त्याहून पुढे गेली असेल तर मागचे दातेही बहुधा खाल्ले गेले असतात आणि फक्त नवी चेन टाकली तर ती दात्यांवरून उडी मारते. हे आधी सांगितले तर गिऱ्हाईक समजून घेते. नवी चेन टाकून झाल्यावर ‘आता फ्रीव्हीलपण लागेल’ म्हटले की ते फसवले गेल्यासारखे पाहते. काम तेच, खर्चही तेवढाच.

बॅटरीच्या सायकली घेणारा पहिला प्रश्न विचारतो, लायसन्स लागते का? उत्तर पक्के ठाऊक हवे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ कि.मी.पेक्षा कमी, अशा ठरावीक अटींत बसणारी गाडी मोटार वाहन धरली जात नाही. काही ठिकाणी ‘तार काढून वेग वाढवून देतो’ असे हौसेने सांगितले जाते. तसे केले की ती गाडी या सवलतीत बसत नाही, आणि अपघात झाल्यावर निस्तरायचे सगळे गिऱ्हाइकालाच. भावाचेही तसेच : २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरील जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाईक हे वाचून येते. पोरगा तोंडाकडे पाहत राहिला तर दुकानदार कर खातो असाच समज होतो.

मुली आणि महिला गिऱ्हाईक

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. या सायकलींची दुरुस्ती जवळच्या गावातील दुकानातच होते. दुकानात चार पोरे टवाळक्या करीत बसली असतील, मोठ्याने गाणी लागली असतील, तर मुलगी दारापर्यंत येऊन परत जाते किंवा भावाला पाठवते. आणि भावाला वेळ नसला की सायकल घराच्या भिंतीला लागून पडून राहते, शाळेची वाट पुन्हा पायी. आणखी एक खोड : बाई सायकल घेऊन आली तरी कारागीर बोलतो तिच्याबरोबरच्या पुरुषाशी. सायकल जिची, बिघाड तिलाच विचारावा. कुठे आवाज येतो, ब्रेक कधी लागत नाही, हे चालवणारीलाच ठाऊक असते.

पाटी, पावती आणि मजुरी

आपल्या दुकानांत मजुरी वेगळी सांगण्याची पद्धत नाही. ती सुट्या भागाच्या किमतीत मिसळलेली असते. पूर्वी हे चालून गेले. आता गिऱ्हाईक ब्रेकच्या रबराची किंमत मोबाईलवर पाहते, तुम्ही दुप्पट सांगता आणि ते मनात तुम्हांला चोर ठरवते. खरे तर तुम्ही मेहनतीचेच पैसे घेत असता. म्हणून मजुरीची पाटी लावावी : पंक्चर इतके, चाकाचा आउट इतका, पूर्ण ओव्हरऑइलिंग इतके, खोक्यातील सायकल जुळवणी इतकी. भाग छापील किमतीला, मजुरी पाटीप्रमाणे. काम सुरू करण्याआधी अंदाज सांगावा आणि मध्येच जास्तीचे काम निघाले तर फोन करून विचारावे. काढलेले जुने भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाला परत द्यावेत. ते फेकून देईल, पण भाग खरेच बदलला हे त्याने पाहिलेले असेल.

‘विकलेला माल परत नाही’ या पाटीविषयीही थोडे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याप्रमाणे बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल परत घेण्यासाठी ३० दिवसांची मुदत धरली जाते. आमचा टायर सदोष नव्हता, चुकीचा होता. कायद्याच्या नजरेत तो वाद निराळा. पण टायरावर मातीचा कणही नव्हता. बदलून दिला असता तर दुकानदाराचे काहीच गेले नसते.

शिकवायचे कधी?

उस्ताद म्हणतात, दिवसभर गर्दी, शिकवायला वेळ कुठे आहे? आणि शिकवले की पोरगा सोडून जातो. दोन्ही म्हणणी खोटी नाहीत. वेळेपुरते एवढे सुचवतो की भंगारातले एक वाकडे चाक बाजूला ठेवावे आणि दुपारच्या सुस्त वेळी पोराच्या हाती द्यावे. आरे आवळताना निपल एका वेळी पाव फेरा फिरवायचा, पुन्हा चाक फिरवून पाहायचे. हे सांगून येत नाही, पाच-पंचवीसदा हाताखालून गेल्यावर येते. गिऱ्हाइकाच्या चाकावर शिकण्यापेक्षा हे स्वस्त पडते. एक वही ठेवावी. सायकल आली की नाव, तारीख, तक्रार, काय केले, किती घेतले, हे पोरानेच लिहावे. महिन्याने वही चाळली की कोणती सायकल पुन्हा-पुन्हा त्याच तक्रारीसाठी आली ते दिसते, आणि शिकवायचे काय हेही त्यातूनच कळते. आणि एक वाक्य त्याच्या तोंडी बसवावे : ‘‘मला नक्की माहीत नाही, उस्तादांना विचारून सांगतो.’’ असे म्हणणाऱ्या पोरावर उस्तादांनी गिऱ्हाइकासमोर कधीही ओरडू नये.

सोडून जाण्याचे म्हणाल, तर महिन्याला ठरलेल्या तुटपुंज्या रकमेवर हुशार पोरगा राहणार नाहीच. आमच्या परिचयातील एका दुकानदाराने पाटीवरच्या मजुरीचा चौथा हिस्सा काम करणाऱ्या पोराला द्यायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात त्यांना ते जड गेले. त्यांचे दोन शागीर्द पुढे शेजारच्या गावांत स्वतःची दुकाने काढून बसले आहेत, आणि टायर-ट्यूब अजून त्यांच्याकडूनच नेतात.